शॉर्टवेव्ह ऐकायला सुरुवात करताना कोणते मासिक लावावे, कोणती मार्गदर्शिका घ्यावी?

प्रश्न असा आहे: निवृत्तीनंतर एक चांगला डिजिटल पोर्टेबल रेडिओ घेतला आहे, संध्याकाळी गच्चीत बसून शॉर्टवेव्ह ऐकायची इच्छा आहे, पण पट्ट्यावर नेमके कोण कुठे आहे ते कळत नाही. एखादे मासिक लावावे का? जुन्या पुस्तकांच्या दुकानात १९९८ ची वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक आणि ‘पासपोर्ट टू वर्ल्ड बँड रेडिओ’ची एक प्रत, अशी रेडिओ केंद्रांची दोन जुनी वार्षिके पडून आहेत, ते घ्यावे का? की मोबाइलवरचे अ‍ॅप पुरेसे आहे?

आधी थेट उत्तर देतो. पहिले सहा महिने मासिकाची वर्गणी भरू नका. फुकट मिळणारी फ्रिक्वेन्सी यादी उतरवून घ्या आणि एक साधी वही घाला. जुनी पुस्तके स्वस्तात मिळत असतील तर घ्या, पण स्टेशन शोधण्यासाठी नव्हे. यामागचे माझे सूत्र साधे आहे. या छंदातली काही माहिती आठवड्यात शिळी होते, काही सहा महिन्यांत, आणि काही तीस वर्षांनंतरही तितकीच खरी राहते. जे लवकर शिळे होते ते फुकट मिळवायचे आणि पैसे टिकणाऱ्या गोष्टीवर घालायचे. हे समजले की कोणते प्रकाशन निवडायचे हा प्रश्न निम्मा सुटतो.

शिळे का होते, ते आधी बघू. शॉर्टवेव्ह प्रसारणाचे वर्षाला दोन हंगाम असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी ‘ए’ हंगाम सुरू होतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ‘बी’. म्हणून याद्यांवर ए२५, बी२५ अशी नावे दिसतात; ए२५ म्हणजे २०२५ चा उन्हाळा, बी२५ म्हणजे २०२५-२६ चा हिवाळा. या दोन तारखांना बरीच केंद्रे आपल्या फ्रिक्वेन्सी बदलतात. हा बदल नुसता कागदी नसतो. हिवाळ्यातल्या लांब रात्री आयनांबर (लहरी जमिनीकडे परतवणारा वातावरणाचा वरचा थर) वरच्या फ्रिक्वेन्सी परतवू शकत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात १९ किंवा २२ मीटरवर ऐकू येणारे केंद्र हिवाळ्यात ३१ किंवा ४१ मीटरवर उतरते (मीटरचा आकडा मोठा तितकी फ्रिक्वेन्सी कमी). शिवाय युरोपातली घड्याळे त्याच दिवशी तासभर सरकतात, आपली सरकत नाहीत. स्वतःच्या स्थानिक वेळेला धरून चालणारा युरोपीय कार्यक्रम उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री आठला लागत असेल, तर हिवाळ्यात तो नऊला लागतो. नवा श्रोता नोव्हेंबरमध्ये हमखास म्हणतो की स्टेशन बंद पडले. बऱ्याचदा ते फक्त तासाने पुढे गेलेले असते.

आणि कधी कधी खरोखर बंद पडलेले असते. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला थांबली. आपल्याकडे दणदणीत ऐकू येणारे बीबीसीचे सिंगापूरमधले क्रांजी येथील रिले केंद्र २०२३ मध्ये बंद झाले. मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाची बहुतेक प्रसारणे हंगाम संपण्याआधीच अचानक थांबली आणि त्या वेळची प्रत्येक छापील यादी एका दिवसात खोटी ठरली. तुमच्या १९९८ च्या हँडबुकमध्ये ६० मीटरच्या पट्ट्यात आकाशवाणी मुंबई ४८४० किलोहर्ट्झवर दिसेल. आज याद्यांत त्या जागी अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे डब्ल्यूडब्ल्यूसीआर आहे, आणि आपल्या त्या पट्ट्यातल्या देशांतर्गत प्रसारणांपैकी बहुतेक उरलेली नाहीत.

आता फुकट याद्यांकडे येऊ. तुमचा सगळा रोजचा उपयोग इथेच आहे, म्हणून यावर जास्त लिहितो.

दोन याद्या महत्त्वाच्या. पहिली एचएफसीसीची (HFCC). जगभरची प्रसारण केंद्रे दर हंगामाआधी एकमेकांवर फ्रिक्वेन्सी आदळू नये म्हणून जो ताळमेळ घालतात, त्याची ही अधिकृत नोंद. ती कुणालाही उतरवून घेता येते. तीत प्रत्येक ओळीला फ्रिक्वेन्सी, सुरू-बंद वेळ, प्रसारण कुठून होते, किलोवॅट, अँटेनाची दिशा आणि लक्ष्य विभाग दिलेला असतो. जगाचे असे क्रमांकित विभाग केलेले आहेत आणि भारतासाठी पाहायचा विभाग ४१. तेवढ्या ओळी गाळून घेतल्या की यादी एकदम आटोक्यात येते. मात्र एक लक्षात ठेवा: ही नोंद रेल्वेच्या आरक्षण तक्त्यासारखी आहे, नाव लागले म्हणजे प्रवासी गाडीत बसलाच असे नाही. अनेक केंद्रे जागा अडवून ठेवतात आणि त्यावर कधीच प्रसारण करत नाहीत. नुसत्या एचएफसीसीवर विसंबलात तर रिकाम्या जागी खरखर ऐकत बसाल.

दुसरी यादी ‘आयबी’ (EiBi). जर्मनीतल्या एका अनुभवी श्रोत्याने वर्षानुवर्षे निष्ठेने चालवलेली, जगभरच्या श्रोत्यांनी प्रत्यक्ष ऐकून कळवलेल्या दुरुस्त्यांसह. नव्या माणसाने एकच यादी घ्यायची तर ही घ्यावी. तिच्या तीन फाइल्स असतात. एकीचे नाव ‘एफआरईक्यू’ने सुरू होते आणि ती फ्रिक्वेन्सीच्या क्रमाने लावलेली असते. दुसरीचे नाव ‘बीसी’ने सुरू होते आणि ती वेळेच्या क्रमाने असते. तिसरी सीएसव्ही स्वरूपात असते, ती एक्सेलमध्ये उघडून हवी तशी लावता येते. पहिल्या दोन फाइल्स दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. रेडिओ फिरवताना काहीतरी लागले आणि हे कोण असा प्रश्न पडला, तर फ्रिक्वेन्सीक्रमाची फाइल. आत्ता सव्वासात वाजलेत, काय ऐकता येईल असा प्रश्न असेल, तर वेळेच्या क्रमाची. छापील असो वा फुकट, कोणतीही मार्गदर्शिका हातात घेतली की आधी हेच तपासा: ती यांपैकी कोणत्या प्रश्नासाठी रचली आहे? लोक मार्गदर्शिकेला नावे ठेवतात तेव्हा पुष्कळदा दोष इतकाच असतो की ते तिला चुकीचा प्रश्न विचारत असतात.

मोबाइलवरची बहुतेक अ‍ॅप्स आणि तक्ते याच दोन याद्यांवर चालतात. गच्चीत अंधारात ती सोयीची आहेत, जरूर वापरा. फक्त आत कोणत्या हंगामाची यादी आहे ते बघून घ्या. अ‍ॅप मागच्या हंगामाच्या यादीवर अडकले असेल तरी पडद्यावर ते तितक्याच आत्मविश्वासाने बोलते.

वेळेचे रूपांतर हा नव्यांना सर्वांत जास्त छळणारा भाग. सगळ्या याद्या यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. संध्याकाळी सहा ते रात्री साडेदहा म्हणजे १२३० ते १७०० यूटीसी. दक्षिण आशियाकडे होणाऱ्या प्रसारणांची गर्दी याच पट्ट्यात असते, म्हणून सुरुवातीला वेळेच्या फाइलमधली तेवढीच पाने छापा. पहाटे साडेपाचला यूटीसीचा नवा दिवस सुरू होतो. याचा अर्थ वारही आपल्यापेक्षा मागे राहतो: यादीत शनिवारी १९०० लिहिले असेल तर ते आपल्याकडे रविवारी रात्री साडेबाराला लागेल. आठवड्यातून एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांच्या बाबतीत हे विसरले तर माणूस एक दिवस आधीच रेडिओ लावतो आणि यादीला दोष देतो. त्यातच वारांचे आकडे. एचएफसीसी रविवारला १ धरते, आयबी सोमवारला. दोन्ही याद्या शेजारी ठेवून काम करणाऱ्याने सुरुवातीची टिपणे आधी वाचावीत, मग कोष्टक.

किलोवॅटचे आकडे पाहून हुरळून जाऊ नका. ५०० किलोवॅटचे प्रक्षेपण आपल्याकडे पाठ करून उभे असेल तर त्याचा काही उपयोग नाही, आणि १०० किलोवॅट आपल्या दिशेने असेल तर खणखणीत येते. उलट आखातातून आग्नेय आशियाकडे सोडलेली लहर आपल्या डोक्यावरून जाते. अशा ओळी विभाग ४१ मध्ये नसतात, तरी महाराष्ट्रात चांगल्या लागतात. म्हणून दिशेचा रकाना वाचायला शिका. भिंतीवर जगाचा नकाशा लावला तर हे फार लवकर अंगवळणी पडते.

आता जाड पुस्तके. वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक डेन्मार्कमध्ये सुरू झाली, पहिली आवृत्ती १९४७ ची. देशवार केंद्रे, पत्ते, फ्रिक्वेन्सी, मध्यमलहरींच्या याद्या, रेडिओंची परीक्षणे असे सगळे एका ठिकाणी देणारे दुसरे पुस्तक नाही. २०२२ ची आवृत्ती शेवटची असेल असे तिच्या ब्रिटिश प्रकाशकांनी जाहीर केले होते, पण नंतर एका जर्मन संस्थेने ती पुढे चालवायला घेतली. हे पुस्तक साधारण वर्षअखेरीस येत असे आणि त्यात हिवाळी वेळापत्रक असे, म्हणजे मार्चअखेर त्याचा तो भाग संपला. प्रकाशक स्वतःच उन्हाळी पुरवणी पीडीएफमध्ये मोफत देत, यावरूनच कळते की वेळापत्रकासाठी हे पुस्तक विकत घेणे योग्य नव्हे. ते घ्यायचे संदर्भासाठी: एखाद्या देशात किती केंद्रे आहेत, कोणत्या भाषांत बोलतात, पत्र कुठे पाठवायचे. अशा कामाला चार-पाच वर्षे जुनी प्रतही चालते. परदेशातून नवी मागवायची तर टपालखर्च धरून ती महाग पडते, आणि पहिल्या वर्षी तिची गरज नाही.

‘पासपोर्ट टू वर्ल्ड बँड रेडिओ’ची गोष्ट वेगळी. १९८४ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झालेले हे अमेरिकी वार्षिक २००९ च्या आवृत्तीनंतर थांबले. त्याची निळी पाने श्रोत्यांच्या पिढ्यांना पाठ होती: प्रत्येक फ्रिक्वेन्सीसमोर चोवीस तासांची पट्टी आणि कोण केव्हा बोलते त्याच्या आडव्या रेघा. एका दृष्टिक्षेपात उत्तर मिळे. माहिती मांडण्याची इतकी सुंदर पद्धत मी त्यानंतर पाहिलेली नाही, आणि माझा आग्रह आहे की तुमच्या वहीत तुम्ही तीच पद्धत उचला. आज त्या निळ्या पानांतली माहिती इतिहासजमा आहे. पण त्याच पुस्तकातली रेडिओंची परीक्षणे आजही मोलाची आहेत. सोनी आयसीएफ-२०१० किंवा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर असा वापरलेला संच कुणी विकायला काढला, तर त्याचे गुणदोष इतक्या निर्भीडपणे आणि मोजमाप घेऊन दुसरीकडे लिहिलेले सहज मिळत नाहीत. म्हणून तुमच्या दुकानातला ‘पासपोर्ट’ शक्य तितक्या नंतरच्या वर्षाचा असेल तर जरूर घ्या. १९९८ ची हँडबुक मात्र रद्दीच्या भावात मिळाली तरच. तिचा आनंद वेगळा आहे. शीतयुद्धानंतरच्या काळात आकाश किती गजबजलेले होते ते तिच्यात दिसते.

मासिकांचा विचार करताना ती कुठल्या गावी बसून लिहिली जातात याकडे लक्ष द्या. नॉर्थ कॅरोलिनातून निघणारे ‘मॉनिटरिंग टाइम्स’ १९८२ ते डिसेंबर २०१३ चालले. त्यातली इंग्रजी प्रसारणांची तासवार मार्गदर्शिका उत्तम होती, पण ती अमेरिकी श्रोत्यासाठी होती. त्यांच्या पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. ‘आज रात्री काय ऐकाल’ असा मथळा त्यांच्याकडे आला की आपल्याकडे ऊन वर आलेले असते आणि ती लहरही दुसऱ्या खंडाकडे रोखलेली असते. ‘पॉप्युलर कम्युनिकेशन्स’ची छापील आवृत्तीही २०१३ मध्येच संपली. ‘मॉनिटरिंग टाइम्स’च्या काही लेखकांनी जानेवारी २०१४ पासून ‘द स्पेक्ट्रम मॉनिटर’ हे पीडीएफ मासिक सुरू केले. टपालाची भानगड नाही, म्हणून भारतातून घेण्यासारखे ते एक आहे. मात्र त्यात शॉर्टवेव्ह प्रसारणाबरोबर हॅम (परवाना घेऊन स्वतः प्रक्षेपण करणारे हौशी), विमानवाहतूक, स्कॅनर असे पुष्कळ काही असते, आणि दृष्टी अमेरिकेची. ब्रिटनचे ‘प्रॅक्टिकल वायरलेस’ १९३२ पासून निघते. ते मुख्यतः हॅमवाल्यांचे, पण अँटेना आणि जोडकामावरचे त्यातले लेख श्रोत्यालाही उपयोगी पडतात. ब्रिटिश डीएक्स क्लबसारखी (डीएक्स म्हणजे दूरची केंद्रे टिपणे) श्रोत्यांची मंडळे आपली मासिके काढतात. ती दिसायला साधी, पण प्रत्येक ओळ कुणीतरी प्रत्यक्ष ऐकून लिहिलेली. मला स्वतःला चकचकीत मासिकापेक्षा मंडळाचे पत्रक अधिक विश्वासाचे वाटते. हाच क्लब इंग्रजी प्रसारणांची यूटीसीच्या क्रमाने लावलेली यादी दर हंगामाला काढतो. नुसते इंग्रजी ऐकणाऱ्याला आयबीपेक्षा ती वाचायला सोपी जाईल.

मासिकांचे जुने अंक तर आता स्कॅन करून फुकट उपलब्ध आहेत, आणि इथे माझे ते सूत्र पुन्हा लागू पडते. १९९० च्या अंकातले वेळापत्रक निरुपयोगी आहे, पण लांब तारेची अँटेना कशी ताणावी, घरातल्या ट्यूबलाइटचा गोंगाट कसा टाळावा, फेडिंग, म्हणजे आवाजाचा चढउतार, का होते, क्यूएसएल कार्डासाठी (ऐकल्याची केंद्राकडून मिळणारी पोच) पत्र कसे लिहावे यावरचा लेख तितकाच खरा आहे. वर्गणी भरण्याआधी असे दहा-बारा अंक वाचून काढा.

कार्यक्रम मार्गदर्शिका हा आणखी निराळा प्रकार. फ्रिक्वेन्सी यादी फक्त केंद्र कुठे आहे ते सांगते; त्यावर आज मुलाखत आहे की संगीत, हे ती सांगत नाही. एकेकाळी हे सांगणारी नियतकालिके केंद्रे स्वतः काढत. आपल्याकडे ही परंपरा मुंबईतूनच सुरू झाली: जुलै १९२७ मध्ये मुंबई केंद्र सुरू झाले त्याच महिन्यात ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ निघाले, २२ डिसेंबर १९३५ पासून त्याची जागा ‘इंडियन लिसनर’ने घेतली, आणि ५ जानेवारी १९५८ पासून त्याचेच नाव ‘आकाशवाणी’ झाले. त्या अंकांत कोणत्या दिवशी किती वाजता कोण गाणार हे मिनिटाबरहुकूम छापलेले असे. बीबीसीचे ‘लंडन कॉलिंग’ परदेशी श्रोत्यांसाठी तेच काम करी. आज हे काम केंद्रांच्या संकेतस्थळांवर होते आणि ते तिथेच बघावे. कार्यक्रमपत्रिका आठवड्याला बदलते, तेव्हा त्रयस्थाने छापलेली कार्यक्रम मार्गदर्शिका विकत घेण्यात अर्थ नाही. तुम्हाला आवडणारी पाच-सहा केंद्रे ठरली की त्यांचीच पत्रिका महिन्यातून एकदा पाहा. मराठी ऐकायचे असेल तर अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओसारखी धार्मिक केंद्रे शॉर्टवेव्हवर मराठीत प्रसारण करत आली आहेत; चालू यादीत भाषेचा रकाना धरून शोधा.

राहिली वही. याद्या जगाबद्दल सांगतात, तुमच्या गच्चीबद्दल नाही. शेजारची चार मजली इमारत, खालच्या गल्लीतले एलईडी दिवे, तुमच्या तारेची दिशा हे कोणत्याच संपादकाला माहीत नसते. तारीख, आपली वेळ, यूटीसी, किलोहर्ट्झ, केंद्र, भाषा, आणि कसे ऐकू आले याचा शेरा, एवढे रकाने पुरे. ओळख पटवायची तर तास भरायच्या दोन मिनिटे आधी त्या जागी जाऊन थांबा. केंद्राची धून आणि नाव तेव्हाच येते. नाव कानांनी ऐकल्याशिवाय यादीवरून केंद्र लिहू नका. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा, कारण यादी बघून ‘ऐकलेले’ केंद्र वहीत शिरले की त्या वहीवरचा तुमचाच विश्वास जातो. एक पूर्ण ए आणि एक पूर्ण बी हंगाम नोंदला की ‘पासपोर्ट’सारखी पट्ट्यांची पाने तुम्ही स्वतः आखू शकाल, आणि त्यावरची प्रत्येक रेघ तुमच्या घरी खरी ठरलेली असेल. त्यातली यादीशी न जुळणारी नोंद आयबीला जरूर कळवा.

मासिकाचा निर्णय तेव्हा घ्या, वही समोर ठेवून. वहीत दूरदूरची, जेमतेम ऐकू येणारी केंद्रे ओळखण्याची धडपड जास्त दिसत असेल, तर डीएक्स मंडळाचे सभासद व्हा. ‘गोंगाट’ आणि ‘फेडिंग’ हेच शेरे पानापानावर असतील, तर तांत्रिक मासिक लावा, त्यातला अँटेनावरचा एक लेख वर्गणी वसूल करून देईल. रेडिओ ऐकण्याइतकेच रेडिओबद्दल वाचायलाही आवडते असे लक्षात आले, तर ‘स्पेक्ट्रम मॉनिटर’ घ्या. आणि वहीत दर संध्याकाळी तीच चार केंद्रे, तेच कार्यक्रम, समाधानाच्या शेऱ्यासह दिसत असतील, तर तुम्हाला कोणत्याच मासिकाची गरज नाही. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी नवी यादी उतरवून घ्या, तेवढे पुरेल.